महिन्याला एक म्हसोबा

एक चित्र मी अजून जपून ठेवलं आहे. चित्रकलेच्या परीक्षेच्या सरावासाठी मी वर्गाला 'समुद्रकिनारा' असा विषय दिला होता. चित्रात निळंशार पाणी आहे. काठाला नारळाचं झाड आहे, ते बाभळीसारखं दिसतं, कारण काढणारीने जन्मात बाभळच पाहिलेली. इथवर सगळं ठीक. पण त्या समुद्रात विजेची मोटार सोडलेली आहे, मोटारीचा पाइप थेट हरभऱ्याच्या वावरात गेलेला आहे आणि बांधावर एक माणूस डोक्याला हात लावून बसलेला आहे.

"हा काहून असा बसला?" मी विचारलं.

"सर, लाइट गेली न," ती म्हणाली.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक होतो. नोकरीला लागलो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, निवृत्त झालो तेव्हा हिंगोली. जिल्हा बदलला तरी माझा वर्ग बदलला नाही. शाळेत चित्रकलेच्या सराचं स्थान लग्नातल्या बँडवाल्यासारखं असतं. तो नसला तर लोक नावं ठेवतात आणि असला तर जेवायला शेवटच्या पंगतीला बसवतात. गॅदरिंगचा पडदा रंगवा, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा लिहा, प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावं घाला, आणि चित्रकलेचा तास मात्र गणिताच्या सरांना द्या. यात माझी बरीच वर्षं गेली. अक्षर मात्र माझं सुंदर होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी कधी सांगितलं नाही.

तर समुद्र. आमच्या गावात तो कोणी पाहिलेला नव्हता. मी एकदा पाहिला होता, पण ओहोटीच्या वेळी, म्हणजे अर्धाच. पोरांना तो कुठून दाखवणार? त्या मोटारीच्या चित्राने मला चार रात्री झोप लागू दिली नाही, आणि मग एका सकाळी, शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून समोर पाहत असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठ तर आमच्यापाशीही होता.

पूर्णा नदीवरच्या धरणाचं मागचं पाणी आमच्या गावाशी येऊन टेकतं. पावसाळा संपता संपता ते शेवटच्या घरांच्या परसाला लागतं. दिवाळीनंतर हळूहळू मागे सरकायला लागतं आणि उन्हाळ्यात इतकं लांब जातं, की त्याला भेटायला निघताना भाकरी बांधून घ्यावी लागते. पाणी सरकलं की खालची गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती कसायला मिळते, तिला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यातलेच बरेच जण पाण्याच्या मागे मागे पेरत जात. आधी हरभरा, मग भुईमूग, शेवटी टरबूज.

आमचे विज्ञानाचे लोखंडे सर म्हणाले, "समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. आपली वर्षातून एकदाच होते. तेवढाच फरक." लोखंडे सर नावाप्रमाणे होते. हसले तर शिस्त बिघडेल अशी त्यांची समजूत होती. पण खिशात कायम भिंग असायचं, आणि मुंगी दिसली की तास विसरायचे. आम्ही दोघांनी मिळून हेडमास्तरांना गळ घातली आणि महिन्यातल्या एका शनिवारची सकाळ मिळवली. नाव ठेवलं काठफेरी.

काठफेरी म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांना सांगतो. पोरांना घेऊन पाण्यापर्यंत चालत जायचं, पण सरळ नाही, रमतगमत. लोखंडे सर काचेच्या बाटलीत गढूळ पाणी भरून घेत. सोमवारी वर्गात तीच बाटली दाखवत, गाळ तळाला बसलेला, वर नितळ पाणी. मी चित्रकलेचं बघायचो. रंगपेटी परवडायची नाही म्हणून आम्ही रंग काठावरूनच करायचो. काळी माती बारीक वाटून तिच्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं की झकास काळा होतो. पळसाची फुलं उकळली की केशरी मिळतो. शिवाय चूल विझली की राख आहेच. पोरांना मी पहिल्यांदा एवढंच सांगायचो, की काठ म्हणजे रेघ नाही. वहीत तुम्ही एक रेघ ओढता आणि इकडे जमीन, तिकडे पाणी म्हणता. आता इथे उभे राहा आणि रेघ दाखवा. पोरं खाली बघायची. भेगाळलेली माती, मग सुकत आलेली, मग ओली, मग चिखल, मग पाण्याचा पातळ पापुद्रा, मग पाणी. रेघ कोणालाच सापडायची नाही आणि मला फार आनंद व्हायचा.

पहिल्याच फेरीला आम्हाला धुरपदाबाई आडवी आली. आडवी म्हणजे अक्षरशः, कारण तिच्यामागे मेंढरं होती. तिचा नवरा मोठा कळप घेऊन कनेरगाव नाक्याकडे शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचा. ही लहान कळप आणि कोकरं घेऊन काठाला राहायची. आवाज असा, की बोलली तरी हाक मारल्यासारखं वाटावं.

"सर, पोरं घेऊन कुठी निंगाले?"

"काठ दाखवायला."

"काठ? पोरायला दिसून न्हाई राहिला का?"

मी समजावून सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि मग आपलं गाऱ्हाणं मांडलं. गाळपेरवाले पार पाण्यापर्यंत पेरतात आणि मेंढरांना वाट ठेवत नाहीत. त्यात नामदेवराव सगळ्यात कडक. वळसा घालून नाल्याकडून जायचं तर उन्हाळ्यात लहान कोकरं वाटेतच माना टाकतात.

"मला आडवतेत. पन शाळंच्या पोरायला कोन आडवंल?" ती म्हणाली. "तुमी म्होरं चला, माझी मेंढरं मागं. तुमाला काय पायजे ते दाखवते. टिटवीचं घर, फसव्या गाळाची जागा, सगळं."

सौदा पटला. मी आणि हेडमास्तर नामदेवरावांकडे गेलो. ते काही दुष्ट नव्हते. त्यांचा मळा धरणात गेलेला, आणि तेव्हापासून हातभर जमीनही हातची सोडायची नाही असा त्यांचा स्वभाव झालेला. पण शाळेचं नाव काढल्यावर विरघळले. आपल्या पट्ट्यातून पाण्यापर्यंत गाडीवाटेएवढी जागा सोडायला कबूल झाले. "शाळंसाठी म्हनून," असं दोनदा बजावलं.

आता शाळा महिन्यातून एकदा जायची आणि मेंढरं रोज. नामदेवरावांनी हटकलं तर धुरपदाबाई बिनदिक्कत सांगायची, "शाळंची मेंढरं हायत." नामदेवराव मला विचारायचे. मी म्हणायचो, "हो, निरीक्षणासाठी आहेत." खोटं नव्हतं ते. आम्ही त्यांचं निरीक्षण करायचोच.

धुरपदाबाई आणि लोखंडे सर यांचं मात्र पहिल्यापासून वाजलं. दोघांनाही सगळं माहीत असायचं, अडचण तिथेच होती. एकदा सर फूटपट्टीने गाळाची पापडी ठोकून पोरांना सांगत होते, की वरचा थर अमुक जाडीचा झाला की माणसाचं वजन सहज पेलतो. धुरपदाबाई म्हणाली, "तिथी मेंढरू पाय ठेवत न्हाई, मास्तर." सर म्हणाले, "मेंढरू भौतिकशास्त्र शिकलेलं नाही." आणि एक पाऊल पुढे टाकून ते मांडीपर्यंत आत गेले. तिने घोंगडी टाकून ओढून काढलं. सर आले, एक बूट आला नाही. पुढच्या वर्षी पाणी उतरल्यावर तो सापडला, आत गोगलगायींचा संसार घेऊन. सरांनी तो प्रयोगशाळेत ठेवला.

पण फिटंफाट लगेच झाली. धुरपदाबाईची चूल एका उंच कडेवर होती. सरांनी भेगा पाहून सांगितलं, की ही दरड आठवडाभरात बसणार, चूल हलवा. ती म्हणाली, "टिटवीनं बाजूलाच अंडी घातली. तिला कळत न्हाई का?" आठ दिवसांच्या आत दरड बसली. भाकरी तव्यासकट खाली गेली. टिटवी आधीच उडाली होती. सर भिंग पुसत उभे राहिले. खाली उतरून तवा उचलत धुरपदाबाई म्हणाली, "नवी टिटवी व्हती. बाहेरगावची."

हळूहळू काठफेरीची ख्याती पसरली. हिंगोलीच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या आणि बाहेरचे पाहुणे यायला लागले. सेनगावहून जीप भरून मास्तर लोक आले. एक नवं जोडपं आलं, त्यांनी बोटिंग कुठे आहे म्हणून विचारलं. एक गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकूनच उतरले आणि भेळ कुठे मिळेल असं विचारत सुटले. धुरपदाबाईने त्यांना ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि असा किनारा कुठेच पाहिला नाही, अशी पावती दिली.

पाहुणे वाढले तशी वाटेची अडचण आली. पाणी दर महिन्याला सरके आणि वाट लांबत जाई. नवखा माणूस भलतीकडे वळला की फसला. शिवाय लोखंडे सरांना रेघ हवीच होती. काठ म्हणजे रेघ नाही हे माझं तत्त्वज्ञान त्यांना मान्य नव्हतं. ते म्हणाले, दर महिन्याच्या काठफेरीला पाणी जिथे असेल तिथे, वाटेच्या कडेला, एक मोठा दगड पुरायचा. वर्षभराची ओहोटी डोळ्यांना दिसेल. पावसाळ्यात सगळे दगड बुडतील, पुढच्या वर्षी एकेक वर येईल. फेब्रुवारीचा दगड जानेवारीतच उघडा पडला, तर समजायचं यंदा पाणी कमी.

कल्पना फर्मास होती. प्रश्न रंगाचा होता, कारण काळ्या जमिनीत काळा दगड दिसणार कसा? मी केशरी म्हटलं. सर ओरडलेच.

"दगडाला केशरी रंग दिला की दुसऱ्या दिवशी नारळ फुटेल! मला मोजपट्टी हवी आहे, देवस्थान नको."

हे मलाही पटलं. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागायचाच काय तो अवकाश असतो. म्हणून आम्ही शहाणपणाने चुन्याचा पांढरा रंग दिला. त्यावर मी काळ्या ऑइल पेंटने महिन्याचं नाव घातलं, माझ्या ठेवणीतल्या वळणदार अक्षरात, वेलबुट्टीसकट. हेडमास्तरांना एकही नाव वाचता आलं नाही. मी ते दगडाच्या खडबडीतपणावर ढकललं.

दिवाळीनंतर सुरुवात केली. होळीपर्यंत वाटेच्या कडेला पांढऱ्या दगडांची एक सरळ रांग उभी राहिली. आम्ही दोघं लांबून पाहून खूश होत होतो. गावाला काय दिसत होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

त्यातच नांदेडहून एक पक्षीवेडे गृहस्थ आले. डोक्यावर हॅट, पायात गमबूट आणि बरोबर तिपायीवर बसवलेली लांबलचक दुर्बीण. चमचे पक्षी बघायचे म्हणून त्यांनी ती तिपायी नेमकी आमच्या दगडांच्या रांगेत उभी केली आणि एक डोळा मिटून पाण्याकडे बघत बसले. नामदेवराव टरबुजाच्या वेलांना माती लावत होते. ते जवळ आले. गृहस्थांनी मान वर करून अगदी प्रेमाने विचारलं, "हे सगळं पाण्याखाली कधी जातं हो?"

झालं. पांढरे दगड, त्यावर न वाचता येणारी सरकारी वाटावी अशी अक्षरं, तिपायी, हॅट आणि हा प्रश्न. ज्यांनी एकदा हे सगळं पाहिलं होतं, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की धरणाची उंची वाढणार आणि पांढऱ्या दगडाच्या रेषेतली उरलीसुरली जमीन, घरं, सगळं जाणार. नांदेडचे गृहस्थ बिचारे कधीच निघून गेले होते, चमचे पाहून तृप्त झालेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात नामदेवराव आणि गाळपेरवाले लोक काठ्या घेऊन उभे होते. बायाही आल्या होत्या. मी पुढे झालो.

"नामदेवराव, ते दगड आम्ही ठेवलेत. शाळेने. पोरांना शिकवायला."

"सर, तुमी भले मानूस हायत," नामदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "पन मागल्या वक्ती बी असाच एक भला मानूस आल्ता. चहा पिला आमच्या घरी. म्हनला, निस्ती मोजनी हाय, काय तकलीफ न्हाई होनार. आमचा मळा कुठी हाय आता, सांगा."

तोवर मी या सगळ्या प्रकाराला गंमतच समजत होतो. त्या माणसाने अंगाचा सगळा भार काठीवर टाकला होता आणि ती मारण्यासाठी आणलेली नाही, धरायला आणलेली आहे, हे मला तेव्हा दिसलं. लोखंडे सरांनी ओहोटीची आकृती काढून दाखवायचा प्रयत्न केला. आकृती बघून लोक आणखीच घाबरले, कारण तिच्यात पाणी चढतानाचेही बाण दाखवले होते.

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे निकाल दिला. दगड सोमवारी उपटायचे, काठफेरी बंद. नामदेवरावांनी आपलाही निकाल दिला, की काठफेरी बंद तर वाटही बंद. परवापासून नांगर धरून तेवढा पट्टाही पेरणार.

मी धुरपदाबाईला सांगायला गेलो. ती कोकराला पाजत होती. ऊन आताच रणरणायला लागलेलं आणि खरा उन्हाळा अजून पुढेच होता. मी म्हटलं, "आमचं जाऊ द्या, पण तुमची वाट गेली." तिने कोकराचं तोंड पदराने पुसलं. मग म्हणाली, "कोन्या दिवशी नांगर धरनार म्हनले?"

"सोमवारी."

"बरं," ती म्हणाली आणि कोकराकडे वळली.

सोमवारी सकाळी मी आणि लोखंडे सर पहार घेऊन काठावर गेलो. लांबून पाहिलं तर पांढरा दगड एकही नाही. मला वाटलं, लोकांनी आधीच उपटले. जवळ गेलो आणि पहार खाली ठेवली. दगड सगळे जागच्या जागी होते, पण शेंदरी. वरून खालपर्यंत, तेलात कालवलेला घट्ट शेंदूर. नोव्हेंबरच्या दगडापुढे कोणीतरी लिंबू ठेवलं होतं. जानेवारीपुढे हळदी-कुंकू. फेब्रुवारीवर रुईची माळ होती.

नामदेवराव नांगर घेऊन आले होते. बैल वाटेच्या कडेला उभे, आणि नामदेवराव चप्पल हातात घेऊन त्यांच्याहून शांत उभे. त्यांच्याबरोबरचे लोकही तसेच. कालपर्यंत ज्या दगडाने झोप उडवली, त्याच्यासमोर आता सगळे डोक्यावरची टोपी नीट करत होते. देवाच्या रानात सरकार शिरत नाही, निदान लगेच शिरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीती एका फटक्यात उतरली. पण देवाच्या अंगावरून नांगरही नेता येत नाही. नामदेवरावांनी दगडांकडे पाहिलं, मग लांब मेंढरांत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या धुरपदाबाईकडे पाहिलं. मग बैलांचे कासरे ओढले आणि औत वळवलं.

लोखंडे सरांनी एकेक दगड फिरून पाहिला. मग म्हणाले, "माझ्या मोजपट्टीचा म्हसोबा केला!" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात. आमचं त्याहून वाईट झालं होतं.

मी धुरपदाबाईकडे गेलो. तिच्या बोटांना शेंदूर तसाच होता.

"हे काय केलं बाई?"

"मी काय केलं? मी निस्ता रंग दिला," ती म्हणाली. "देव त्यायनं केला."

एवढं बोलून ती वाटेला लागली. पहिल्या दगडाशी थांबली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाकून पाया पडली.

"मंग तुमी काहून पाया पडता?" मी विचारलं.

"आता झाला न देव!" ती माझ्यावरच खेकसली.

दगड राहिले, वाट राहिली. गाव शांत झाल्यावर हेडमास्तरांनी काठफेरीही पुन्हा सुरू केली. फक्त आता चप्पल काढून चालावं लागे. लोखंडे सरांना ते फार लागलं. मोजमाप घ्यायला वाकताना ते आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात दगडाला सांगायचे, "मोजायला आलोय, नमस्काराला नाही." पण वाकायला तर लागायचंच.

दर महिन्याला आम्ही नाव घातलेला नवा दगड पुरत गेलो आणि दर महिन्याला नवा देव झाला. पावसाळ्यात सगळे बुडाले. पुढच्या वर्षी पाणी ओसरलं तसे एकेक वर यायला लागले, आणि जो वर येईल त्याला गाव नवा शेंदूर लावायला लागलं. "डिसेंबरचा म्हसोबा निंगाला का?" असं लोक एकमेकांना विचारायचे. "यंदा मार्चचा लवकर निंगाला, पानी कमी हाय, टरबूज जपून लावा." एकदा तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी विचारलं, की एका वाटेवर इतके म्हसोबे कशाला? नामदेवराव म्हणाले, "साहेब, महिन्याला एक." साहेबांनी मान डोलावली, जणू सगळीकडे तसंच असतं. लोखंडे सर माझ्या कानात कुजबुजले, "या जिल्ह्यात इतकी निगा राखलेलं शास्त्रीय उपकरण दुसरं नसेल." आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढे लोखंडे सरांची कळमनुरीकडे बदली झाली. मी निवृत्त झालो आणि हिंगोलीत मुलाकडे राहायला आलो. धुरपदाबाई गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला. तेव्हा उठून जायला हवं होतं, ते झालं नाही, त्याची रुखरुख आहे. नव्या हेडमास्तरांना पोरांना पाण्याजवळ नेणं जोखमीचं वाटलं आणि काठफेरी बंद पडली. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मला मात्र एकच गोष्ट डाचत राहिली. दगड देव झाले तरी वाट मुळात सुटली होती ती शाळेसाठी. शाळाच जात नाही म्हटल्यावर ती कोण ठेवणार?

एका एप्रिलमध्ये राहवलं नाही. सेनगावपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने गेलो. काठ लांब गेला होता. दोन्ही बाजूंना टरबुजाचे वेल, आता कडेला ट्रॅक्टर. वेलांत एक बाई टरबुजं काढत होती. नामदेवरावांची धाकटी सून, हे नंतर कळलं.

"बाबा, तिकडं जायचं त चप्पल इथी काढा," तिने लांबूनच सांगितलं. "देवाची वाट हाय."

पुढे पाहिलं तर गाडीवाटेएवढा पट्टा तसाच मोकळा होता, सरळ पाण्यापर्यंत. कडेला शेंदरी दगडांची रांग. मी चप्पल काढली.

"कधीपासून आहे ही वाट?"

"लई जुनी. आमच्या आजेसासऱ्याच्याबी आदीची."

एप्रिलच्या दगडावरचा शेंदूर एका बाजूने खपलून गेला होता. खाली काळ्या रंगाची वेलबुट्टी आणि अर्धवट अक्षरं दिसत होती. मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर. ती म्हणाली, "ते जुन्या लिपीत हाय बाबा. कोनालाच वाचता येत न्हाई." आयुष्यभर अक्षरासाठी कौतुकाची वाट पाहिली आणि मिळालं ते असं.

बाभळीखाली बाजेवर नामदेवराव बसले होते. थकले होते, पण नजर शाबूत होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. सुनेने त्यांना हाक मारून विचारलं, "मामंजी, जुनीच हाय न ही वाट?"

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. ज्याने त्या दिवशी औत वळवलं, त्याला सगळं ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्या दिवशीही ठाऊकच होतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "लई जुनी."

तेवढ्यात मागून धुळीचा लोट आला. एक बाई मेंढरं हाकत येत होती, पुढे तहानलेली कोकरं, पाण्याच्या वासाने धावत सुटलेली. वाटेत मधोमध अनवाणी उभा असलेला म्हातारा तिला दिसला आणि ती ओरडली. धुरपदाबाईची सूनच असणार, आवाज थेट सासूचा.

"ओ बाबा, बाजूला व्हा! शाळंची मेंढरं येऊन राहिली!"

मी बाजूला झालो.